बंबाच्या किटलीवर रानातला चहा : वापरण्याआधी वाचा

घरी अंघोळीच्या पाण्याचा तांब्याचा बंब पाहिला असेल, तर ही किटली तुम्हाला ओळखीचीच वाटेल. मधोमध नळा, नळ्याभोवती पाणी आणि खाली सुट्टी शेगडी. जाळ नळ्यातून वर चढताना पाण्याला सगळीकडून तापवतो. शेगडीचे भोक वाऱ्याकडे ठेवले की ओढ आणखी वाढते, म्हणून उघड्यावर गॅसचा स्टोव्ह विझतो तिथे ही जोमाने पेटते. आयर्लंडचे मासेमार तळ्याकाठी अशाच किटल्या वापरत. न्यूझीलंडमध्ये जॉन हार्ट यांनी १९२९ साली याच तत्त्वावर बंब काढला, आणि दुसऱ्या महायुद्धात त्या देशाच्या सैनिकांनी उत्तर आफ्रिकेच्या वाळवंटात त्यावर चहा केला.

सगळ्यात महत्त्वाचे : जाळ असताना तोटीला बूच लावू नका. वाफ कोंडली तर उकळते पाणी अंगावर उडते. बूच फक्त पाणी भरून नेण्यापुरते. तसेच पाणी भरल्याशिवाय पेटवू नका. तांब्याच्या किटलीच्या आतल्या कल्हईचे कथील २३२ अंशांवर वितळते. पाणी आहे तोवर भांडे शंभराच्या आसपासच राहते; कोरडे पडले की कल्हई गेलीच. तोटीपर्यंत काठोकाठही भरू नका, उकळताना पाणी बाहेर उसळते.

जळणाला आपल्याकडे तोटा नाही. पऱ्हाटीच्या आणि तुराटीच्या बोटभर काड्या उत्तम. खाली पेटवणाला वाळलेली संत्र्याची साल घाला. सालीत तेल असते, ती लगेच पेट घेते. जाळ धरला की काड्या वरून नळ्यात सोडत राहा, पण डोके नळ्यावर आणू नका. गोवरी आणि कोळसा नको. ते धुमसतात, आणि या किटलीला ज्योत लागते. कण्हेरीच्या काटक्या अजिबात जाळू नका, ते झाड विषारी आहे. काड्या खडखडीत वाळलेल्या असल्या की लिटरभर पाण्याला चार-पाच मुठी पुरतात.

किटलीत फक्त पाणी. दूध, साखर, पत्ती आत घातली तर ती नळ्याला करपून चिकटते आणि त्या अरुंद जागेत हात जात नाही. मग आपला उकळलेला चहा कसा मांडायचा? पाण्याला उकळी आली की किटली उतरवा, शेगडीवर जाळी ठेवून पातेले चढवा. त्यात ते पाणी, ठेचलेले आले, साखर, पत्ती, आणि वरून दूध. बाजूच्या भोकातून काड्या सारत राहा. पाणी आधीच उकळते असल्याने रंग लवकर उतरतो. गवती चहा मिळाला तर आमच्या मते रानात दूध नकोच.

उतरवताना कडी आडवी, दोन्ही हातांनी धरा. कडी नळ्यावर उभी असताना हात घातला तर भाजतो. ओतताना एका हाताने कडी धरा, दुसऱ्याने बुचाची साखळी वर ओढून बूड उचला.

जागा निवडताना कृपया काटेकोर राहा. राखीव जंगलात विस्तव करणे भारतीय वन अधिनियम, १९२७ प्रमाणे गुन्हा ठरू शकतो. पेंच, उमरेड-कऱ्हांडलासारख्या अभयारण्यांत तर किटली गाडीतच राहू द्या. सागाचा आणि पळसाचा पाचोळा पडला की एक ठिणगी डोंगर जाळते. स्वतःचे शेत, मालकाची परवानगी असलेले आवार, साफ केलेली माती किंवा दगड, एवढ्यावरच पेटवा. शेगडीचे बूड फार तापते, गवतावर ठेवू नका. राखेवर पाणी ओतून ढवळा. हाताला गार लागली तरच निघा.

घरी आल्यावर किटली उलटी करून वाळवा. नळ्यातली काजळी पूर्ण घासायची गरज नाही, पोपडे तेवढे झाडा. तोटीतून टॉर्चने आत पाहा : तांबूस डाग दिसले तर पाणी तापवणे थांबवून किटली दुकानात आणा, कल्हई करून देऊ. स्टीलच्या किटलीला हा प्रश्न नाही, म्हणून वारंवार बाहेर जाणाऱ्यांना आम्ही स्टीलचीच सुचवतो.