पाच वॉट आणि एक डोंगर

साताऱ्याच्या अजिंक्यतारा किल्ल्यावर रोज फिरायला येणाऱ्या एका काकांनी माझ्या हातातला हॅम रेडिओचा, म्हणजे हौशी रेडिओचा, सेट बघून विचारलं, "पोलिसात आहे का?" नाही म्हटल्यावर म्हणाले, "मग हे कशाला? मोबाईल लागतोय की इथं!"

लागतो खरा, पण तो जवळच्या टॉवरच्या जिवावर. मी कराडच्या मित्राच्या गच्चीशी बोलत होतो ते मध्ये कुणालाच न घेता, ५ वॉटवर. घरातला एलईडी बल्ब यापेक्षा जास्त वीज खातो.

हाच सेट खाली गावात घेतला की जेमतेम पेठेपुरता चालतो. त्याच्या १४५ मेगाहर्ट्झच्या लहरी जवळपास सरळ रेषेत जातात आणि पृथ्वी पडली गोल. हवा त्यांना किंचित खाली वाकवते, म्हणून रेडिओचं क्षितिज डोळ्यांच्या क्षितिजापेक्षा थोडं पुढं असतं. हिशेब सोपा आहे: अँटेनाची उंची मीटरमध्ये घ्या, वर्गमूळ काढा, ४.१२ ने गुणा, उत्तर किलोमीटरमध्ये. हातातला सेट दीड मीटरवर, म्हणजे क्षितिज ५ किलोमीटर. किल्ला शहरापासून साधारण ३०० मीटर उंच, म्हणजे ७१. समोरचा माणूसही उंचावर असेल तर दोघांच्या क्षितिजांची बेरीज होते. मध्ये दुसरा डोंगर आडवा आला नाही म्हणजे झालं.

आणि ताकद? मध्ये अडथळा नसेल तर ७० किलोमीटरवर पोहोचलेला ५ वॉटचा सिग्नलसुद्धा समोरच्या सेटला लागतो त्याच्या हजारो पट असतो. तरी नवखे हौशी मोठ्या वॉटच्या सेटच्या किमती विचारत बसतात. मी म्हणतो, आधी डोंगर चढा.

डोंगरावरून बोलण्याचा रीतसर खेळ, 'समिट्स ऑन द एअर', ब्रिटनमध्ये २ मार्च २००२ ला सुरू झाला. सामान स्वतः वाहून न्यायचं, गाडीच्या बॅटरीवर चालवायचं नाही, गुणांसाठी किमान चार जणांशी संपर्क करायचा आणि माथ्यापासून उभ्या मापाने २५ मीटरच्या आत राहायचं. ही शेवटची अट टोकदार शिखरावर जाचक ठरते. तिथं बूड टेकायला जागा मिळाली तरी पुष्कळ. आपले डोंगर मात्र लाव्ह्याच्या थरांचे, माथ्यावर सपाट. कासच्या पठारासारख्या जागी खूप चाललं तरी उंची फारशी बदलत नाही.

पण सपाटीचा एक तोटाही आहे. मधोमध उभं राहिलं की पठाराची कडाच खालचा मुलूख झाकते. त्या दिवशी कराडकर म्हणाला, "तुटक तुटक येतंय रे." चाळीसेक पावलं चालून दक्षिणेच्या तटाशी गेलो, तर तोच आवाज शेजारी बसल्यासारखा. सेट तोच, बॅटरी तीच.

अजिंक्यताऱ्याची आणखी एक खोड म्हणजे माथ्यावरचा प्रसारणाचा मनोरा. दूरचा बारीक आवाज टिपायला बसलेला स्वस्त सेट इतक्या जवळच्या दणक्याने बधिर होतो, मग मित्राचा सिग्नल चांगला असूनही ऐकू येत नाही. मनोऱ्याकडे पाठ करून सेट छातीशी धरला तर थोडा फरक पडतो, कारण आपलं अंग आडोसा होतं. तरी मनोरा नसलेला डोंगर तो मनोरा नसलेलाच.

१४ मेगाहर्ट्झवर मात्र सगळं गणित बदलतं. या लहरी आयनांबरावरून, म्हणजे खूप उंचावरच्या विद्युतभारित हवेच्या थरावरून, परत फिरतात, हजारो किलोमीटर जातात, डोंगराची उंची त्यांना फारशी लागत नाही. मग वर का जायचं? शांततेसाठी. गावात चार्जर, इन्व्हर्टर, एलईडीचे ड्रायव्हर सगळे मिळून सेटमध्ये अखंड घरघर ओततात. वर ती विरते आणि तिच्याखाली दबलेले आवाज वर येतात. मासे धरायच्या काठीला दहा मीटर तार लावली की अँटेना तयार. काठी दगडांच्या आधाराने किंवा पिशवीला बांधून उभी करायची. किल्ल्याच्या चिरेबंदीत खिळा ठोकायचा नाही.

हा छंद परवान्याशिवाय करता येत नाही. केंद्र सरकारच्या दूरसंचार खात्याची परीक्षा असते, वयाची बारा वर्षं पुरी झाली की देता येते.

मे महिन्यात वळवाचे दिवस आले की १४ मेगाहर्ट्झवर आधी कडकड सुरू होते. वीज कुठंतरी लांब पडत असते, आभाळ अजून निळं असतं. कडकड वाढू लागली, की मी वाक्य अर्धं टाकून काठी आडवी करतो. ३०० मीटर उंचीवर तार उभी धरून बसलेला माणूस विजेलाही लांबून दिसतो. काकांना हे सांगितलं तर तेच आधी उतरायला लागले.