नेट रनरेट

नेट रनरेट किंवा निव्वळ धावगती म्हणजे साखळी स्पर्धेत गुण सारखे झालेल्या क्रिकेट संघांचा क्रम लावण्याचे परिमाण. स्पर्धेत काढलेल्या एकूण धावा भागिले खेळलेली षटके, वजा दिलेल्या धावा भागिले टाकलेली षटके. प्रत्येक सामन्याचा रनरेट काढून त्यांची सरासरी घेऊ नये. आधी सगळ्या धावा आणि सगळी षटके एकत्र करायची. रद्द झालेला सामना धरत नाहीत.

खरी मेख सर्वबाद संघाच्या हिशेबात आहे. असा संघ वाट्याची पूर्ण षटके खेळला, असे मानतात. पुण्याजवळ गहुंजेच्या मैदानावर १ नोव्हेंबर २०२३ रोजी विश्वचषकात दक्षिण आफ्रिकेने ४ बाद ३५७ केल्या आणि न्यूझीलंड ३५.३ षटकांत १६७ वर आटोपला. तरी भागायचे ५० नेच: ३.३४. प्रत्यक्ष खेळलेल्या षटकांनी भागले असते तर ४.७० आले असते, म्हणजे लवकर बाद झाल्याचे बक्षीसच! दक्षिण आफ्रिकेची धावगती ७.१४, म्हणून न्यूझीलंडसाठी सामन्यातली तफावत झाली उणे ३.८०.

दुसरी चूक दशांशाची. ११ नोव्हेंबरला तिथेच बांगलादेशच्या ८ बाद ३०६ धावांचा पाठलाग ऑस्ट्रेलियाने ४४.४ षटकांत ३०७ करून पूर्ण केला. चार चेंडू म्हणजे षटकाचा दोन-तृतीयांश भाग, त्यामुळे भाजक ४४.६६७ आणि धावगती ६.८७. ऑफिसच्या स्पर्धेत एक्सेलमध्ये सरळ ४४.४ टाकणारे ६.९१ काढून बसतात आणि मग भांडणे होतात.

पावसामुळे लक्ष्य बदलले तर पहिल्या संघाच्या नावावर नव्या लक्ष्याहून एक धाव कमी धरतात, तीही दुसऱ्या संघाला मिळालेल्या षटकांतच.

पाठलाग जिंकताना किती गडी राखले याला मात्र इथे काडीची किंमत नाही, आणि हा या पद्धतीचा मोठा दोष म्हणावा लागेल. एक गडी राखून ४० व्या षटकात जिंकलेला संघ, दहा गडी राखून ४९ व्या षटकात जिंकलेल्यापेक्षा फायद्यात राहतो.

पुण्यातल्या त्या पराभवानंतरही न्यूझीलंडने १० गुणांसह चौथे स्थान राखले. त्याला मागे टाकायला ११ नोव्हेंबरलाच कोलकात्यात पाकिस्तानला इंग्लंडविरुद्ध ३३८ धावा ६.४ षटकांत करायच्या होत्या. नो-बॉल, वाइड सोडले तर चाळीस चेंडूंवर चाळीस षटकार मारूनही २४०च होतात.