स्ट्रायपर की वायपर? अंगावर पट्टे दोघांच्याही

अमेरिकेतल्या एखाद्या धरणाच्या जलाशयावर गळ टाकून बसलेल्या माणसाला रुपेरी अंगाचा, काळ्या आडव्या पट्ट्यांचा मासा लागला की शेजारचा हमखास विचारतो, ‘स्ट्रायपर आहे का वायपर?’ स्ट्रायपर म्हणजे स्ट्राइप्ड बास. वायपर म्हणजे त्याचा आणि व्हाइट बास या त्याच्या गोड्या पाण्यातल्या नातलगाचा संकर. गाडीच्या काचेशी त्याचा संबंध नाही, दोन नावांची टोकं जोडून झालेला तो शब्द आहे. सरकारी कागदांवर त्याला हायब्रिड म्हणतात.

ओळखायची रीत सोपी सांगितली जाते. स्ट्रायपर लांबट, त्याचे पट्टे शेपटीपर्यंत सलग. हायब्रिड पाठीकडून फुगीर, पट्टे मधेच तुटलेले. मोठ्या माशात हे बऱ्यापैकी जमतं, वीतभर पिल्लांत मात्र चांगले जाणकारही फसतात. काही जण जिभेवरचे दातांचे चट्टे बघतात. व्हाइट बासला असा एकच चट्टा असतो, त्यामुळे तो वेगळा काढता येतो. पण स्ट्रायपर आणि हायब्रिड दोघांनाही दोन-दोन चट्टे, हायब्रिडचे फक्त जरा जवळजवळ. माझ्या मते पट्टे मोजण्यापेक्षा मासा कुठल्या पाण्यातून आला हे विचारावं, उत्तर लवकर मिळतं.

स्ट्रायपर मुळात समुद्राचा. अटलांटिकच्या किनाऱ्याला वाढायचं आणि वसंतात नदीत चढून अंडी घालायची, ही त्याची रीत. (आपला रायगडचा जिताडा नेमका उलटा: वाढतो गोड्या-मचूळ पाण्यात, प्रजननाला जातो खाडीच्या तोंडाशी.) मग हा समुद्रवासी तळ्यात आला कसा? साउथ कॅरोलायनात सँटी आणि कूपर नद्यांवर १९३९ ते १९४२ दरम्यान धरणं झाली, मॅरियन आणि मोल्ट्री हे दोन मोठे जलाशय तयार झाले आणि स्ट्रायपर त्यांत राहिले. ते हळूहळू संपतील असं वाटत होतं. पन्नाशीच्या दशकात लक्षात आलं की ते समुद्राचं तोंड न बघताच वाढताहेत आणि वरच्या काँगरी व वॉटरी नद्यांत जाऊन अंडीही घालताहेत. गोड्या पाण्यात स्ट्रायपर सोडण्याची पुढची सगळी खटपट या शोधातून निघाली.

पण ते सगळीकडे जमेना, कारण अंडं. व्हाइट बासचं अंडं चिकट असतं, ते दगडगोट्यांना धरून राहतं. स्ट्रायपरचं अंडं चिकटत नाही. पाण्यापेक्षा ते किंचितच जड असतं, आणि साधारण दोन दिवस प्रवाहाने त्याला तरंगत ठेवावं लागतं. पाणी थांबलं की अंडं तळाला जातं आणि गाळात गुदमरतं. म्हणून जलाशयाच्या वर लांबलचक, अखंड वाहणारी नदी हवी. रेड नदीवरच्या टेक्सोमा जलाशयाला ती आहे. तिथे १९६५ पासून पिल्लं सोडली आणि पुढे मासा स्वतःच वाढू लागला. बहुतेक जलाशयांना अशी नदी नसते. तिथे पिल्लं सोडणं थांबलं की काही वर्षांत मासाही संपतो. रोहू-कटल्याच्या बाबतीत आपलंही तेच, साठलेल्या पाण्यात ते अंडी घालत नाहीत. मत्स्यशास्त्रज्ञ हिरालाल चौधुरींनी १० जुलै १९५७ रोजी ओडिशात पीयूष ग्रंथीच्या अर्काची सुई देऊन कार्प माशांचं प्रजनन घडवलं. साठीच्या दशकात साउथ कॅरोलायनात रॉबर्ट स्टीव्हन्स यांनी स्ट्रायपरच्या माद्यांना संप्रेरकाची सुई देऊन हाच पेच सोडवला.

याच स्टीव्हन्सनी १९६५ मध्ये स्ट्रायपरच्या मादीची अंडी आणि टेनेसीहून आणलेल्या व्हाइट बास नराचं रेत एकत्र केलं. तो पहिला हायब्रिड, नाव पडलं पामेटो बास. फ्लोरिडात उलट जोडी लावली, मादी व्हाइट बासची आणि नर स्ट्रायपरचा. त्याचं नाव सनशाइन बास. दोन्ही नावं त्या-त्या राज्याच्या टोपणनावांवरून. हा संकर वांझ असतो असा समज सर्रास दिसतो, पण तो खरा नाही. तो अंडी घालतो, मूळ जातींशी त्याचा पुन्हा संकरही होऊ शकतो, फक्त जलाशयात त्यातून टिकाऊ पैदास क्वचितच होते. व्यवस्थापकाला तेच हवं असतं: यंदा जेवढी बोटुकली (बोटभर पिल्लं) सोडली तेवढाच मासा.

वाढीचं गणितही निराळं. पहिली दोन वर्षं हायब्रिड पुढे असतो, म्हणून मत्स्यशेतीवाल्यांनी त्याला उचलून धरलं. अमेरिकेत ताटात येणारा पाळीव ‘स्ट्राइप्ड बास’ बहुतेक वेळा हायब्रिडच असतो. नंतर त्याचा जोर ओसरतो आणि पाच-सहा वर्षांत बहुतेकांचा खेळ आटोपतो. स्ट्रायपर रेंगाळत सुरुवात करतो पण थांबत नाही, तीस वर्षं जगल्याच्या नोंदी आहेत. गळाला लागलेल्या सर्वांत मोठ्या हायब्रिडची नोंद आहे साधारण १२.४ किलोची, आर्कान्सातल्या ग्रीअर्स फेरी जलाशयातली, १९९७ ची. गोड्या पाण्यातल्या स्ट्रायपरची आहे साडेएकतीस किलोची, अलाबामातल्या ब्लॅक वॉरियर नदीतली, २०१३ ची.

मात्र हा थोरला मासा उन्हाळ्याला भितो. मोठ्या स्ट्रायपरला २५ अंशांच्या वरचं पाणी नको असतं आणि लिटरमागे दोन-तीन मिलिग्रॅम तरी प्राणवायू हवा असतो. जुलैत वरचं पाणी तापतं, खालच्या गार पाण्यातला प्राणवायू संपत येतो आणि मधला राहण्याजोगा थर पातळ होत जातो. टेनेसीतल्या ओक रिजच्या प्रयोगशाळेतले चार्ल्स कूटंट यांनी ऐंशीच्या दशकात हा कोंडमारा नीट मांडला. पिल्लांना तितका त्रास होत नाही, त्यामुळे ‘लहान मासे मजेत आहेत म्हणजे तळं योग्य आहे’ हा हिशेब चुकतो. हायब्रिड गरम पाणी बरंच सोसतो. उथळ, तापणाऱ्या जलाशयात म्हणूनच त्याची बोटुकली सोडतात.

आणि नदीचा नियम मोडणारा एक जलाशय आहे, युटा-ॲरिझोनाच्या सीमेवरचा लेक पॉवेल. तिथे १९७४ पासून स्ट्रायपर सोडले. काही वर्षांतच ते प्रवाहाची वाट न बघता खुद्द जलाशयात अंडी घालताना सापडले. पाणी इतकं खोल आणि खाली प्राणवायूही पुरेसा, की बुडणारी अंडी तगली. संख्या भरमसाट झाली आणि त्यांचं खाद्य असलेला थ्रेडफिन शॅड मासा जवळजवळ फस्त झाला. उरलेला शॅड उन्हाळ्यात वरच्या ऊन पाण्यात फिरतो. पिल्लं वर जाऊन त्याला खातात, मोठे स्ट्रायपर खालच्या गारव्यात उपाशी राहतात. डोकं मोठं आणि अंग काटकुळं, असे मासे गळाला लागायला लागले.

त्यामुळे एकाच माशाचे दोन टोकांचे नियम झाले. सँटी-कूपरमध्ये ऐन उन्हाळ्यात स्ट्रायपर ठेवून घ्यायला बंदी असते, कारण तापलेल्या पाण्यात सोडून दिलेला मासाही बरेचदा मरतो. पॉवेलवर मर्यादाच नाही. मिळतील तेवढे घरी न्या म्हणतात.