मास्टकॅम

मंगळावरच्या ‘क्युरिऑसिटी’ रोव्हरच्या खांबावर, जमिनीपासून सुमारे दोन मीटर उंचीवर बसवलेली दोन रंगीत कॅमेऱ्यांची जोडी. सॅन डिएगोच्या ‘मॅलिन स्पेस सायन्स सिस्टिम्स’ने ती घडवली. रोव्हर ऑगस्ट २०१२ मध्ये गेल विवरात उतरला. त्याच्यावरील १७ कॅमेऱ्यांपैकी १२ कृष्णधवल कॅमेरे मुख्यतः वाट शोधणे आणि अडथळे टाळणे हे काम करतात. खडकांचे रंग, थर आणि पोत पाहणे हे मास्टकॅमचे काम.

या जोडीतले दोन डोळे सारखे नाहीत. डाव्या भिंगाचे नाभीय अंतर ३४ मिमी, उजव्याचे १०० मिमी. म्हणजे डावा परिसर पाहतो आणि उजवा दुर्बिणीसारखा दूरचे टिपतो. मूळ आराखड्यात दोन्हींना झूम भिंगे होती. खर्च वाढल्याने नासाने २००७ मध्ये ती वगळली. २०१० मध्ये झूमसाठी पुन्हा पैसे मिळाले. चित्रपट दिग्दर्शक जेम्स कॅमेरॉन या चमूत होते आणि त्रिमित चित्रणासाठी तेही झूमच्या बाजूने होते. पण २०११ मध्ये चाचण्यांना पुरेसा वेळ उरला नाही आणि स्थिर भिंगेच मंगळावर गेली. त्रिमित चित्रासाठी दोन्ही डोळ्यांना सारखे दिसावे लागते. इथे उजव्याचा बारकावा डाव्याच्या पातळीवर उतरवावा लागतो. जुळी झूम भिंगे २०२१ मध्ये मंगळावर उतरलेल्या ‘पर्सिव्हरन्स’ रोव्हरच्या मास्टकॅम-झेडला मिळाली.

संवेदक १६०० × १२०० बिंदूंचा, म्हणजे जेमतेम २० लाख. त्या काळचे मोबाइलही याहून सरस होते, म्हणून अनेकांना हे हास्यास्पद वाटले. पण आराखडा उड्डाणाच्या कितीतरी वर्षे आधी ठरलेला असतो, आणि खरी अडचण फोटो काढण्यात नसून तो घरी पाठवण्यात असते. मंगळाभोवती फिरणारी याने डोक्यावरून जातील तेवढ्याच वेळात बहुतेक माहिती पुढे जाते. म्हणून प्रत्येक कॅमेऱ्याला ८ गीगाबाइट स्मृती दिली आहे: आधी छोट्या प्रतिमा पाठवायच्या, त्या पाहून पृथ्वीवरच्यांनी मोठी कोणती हवी ते सांगायचे.

खांबावर फक्त भिंग, संवेदक आणि गाळणीचक्र (ठरावीक रंगांचाच प्रकाश आत सोडणाऱ्या गाळण्यांचे फिरते चक्र) आहे. प्रतिमांवर काम करणारे इलेक्ट्रॉनिक्स रोव्हरच्या उबदार पोटात ठेवले आहे. रंग जुळवण्यासाठी रोव्हरवर रंगपट्टी आहे. तिच्यावर धूळ साचणारच, म्हणून रंगचकत्यांखाली चुंबके बसवली. चुंबकीय धूळ त्यांच्याकडे ओढली जाते आणि काही जागा तुलनेने स्वच्छ राहते. जोडीतली सर्वांत देखणी युक्ती कदाचित हीच.

हलणारा भाग मात्र कधीतरी अडतो. सप्टेंबर २०२३ मध्ये डाव्या कॅमेऱ्याचे गाळणीचक्र दोन गाळण्यांच्या मध्येच थांबले. अभियंत्यांनी ते हळूहळू मूळ जागेकडे ढकलायला सुरुवात केली. ते जमले नाही तर मुख्य भार उजव्या कॅमेऱ्यावर येणार होता, आणि तेवढाच परिसर टिपायला त्याला नऊपट फोटो काढावे लागणार होते.