साउंड कार्डचा सामाईक वापर (युनिक्ससदृश प्रणाली)

एकाच साउंड कार्डावर अनेक प्रोग्रॅमना एकाच वेळी आवाज वाजवता यावा म्हणून लिनक्स, फ्रीबीएसडी, ओपनबीएसडी यांसारख्या प्रणालींवर केलेली व्यवस्था. तिची गरज हार्डवेअरमुळे पडते. सध्याची बहुतेक अंगभूत इंटेल एचडीए (हाय डेफिनिशन ऑडिओ) पद्धतीची कार्डे एका वेळी प्लेबॅकचा एकच प्रवाह घेतात. कार्डांची यादी देणाऱ्या 'एप्ले -एल' या आज्ञेत 'सबडिव्हायसेस: १/१' दिसते ते हेच. जुन्या साउंड ब्लास्टर लाइव्हमधली चिप अनेक प्रवाह स्वतःच मिसळत असे.

ओएसएस (ओपन साउंड सिस्टिम) या जुन्या ध्वनिव्यवस्थेच्या काळात पहिल्या प्रोग्रॅमने कार्ड उघडले की दुसऱ्याला 'डिव्हाइस ऑर रिसोर्स बिझी' असे उत्तर मिळे. त्यावर उपाय म्हणून काढलेले ईएसडी आणि आर्ट्स हे साउंड सर्व्हर (सगळ्या प्रोग्रॅमचा आवाज एकत्र करून कार्डाला देणारे मध्यस्थ प्रोग्रॅम) एकमेकांचीच वाट अडवत, म्हणजे दुखणे फक्त एक पायरी वर सरकले. ओएसएसनंतर आलेल्या आल्सा या लिनक्सच्या ध्वनिव्यवस्थेने 'डीमिक्स' प्लगइन दिले: सगळे प्रोग्रॅम सामाईक मेमरीतल्या एकाच बफरमध्ये (तात्पुरत्या साठ्यात) आपापले आवाजाचे नमुने मिसळतात. पण त्यांचा सॅम्पल रेट (दर सेकंदाच्या नमुन्यांची संख्या) एकच, सहसा ४८,००० हर्ट्झ, असावा लागतो. म्हणून सीडीचा ४४,१०० चा आवाज आधी बदलून घ्यावा लागतो. रेकॉर्डिंगसाठी 'डीस्नूप' वेगळे. पुढे पल्सऑडिओ हा साउंड सर्व्हर फेडोरा या लिनक्स प्रणालीच्या ८ व्या आवृत्तीत (२००७) आणि पाइपवायर ३४ व्या आवृत्तीत (२०२१) डिफॉल्ट सर्व्हर म्हणून आला. फ्रीबीएसडी हे मिश्रण कर्नलमध्येच (प्रणालीच्या गाभ्यातच) करते, तर ओपनबीएसडीत ते काम 'एसएनडीआयओडी' हा सर्व्हर पाहतो.

बिघाड बहुधा एकाच कारणाने होतो: एखादा प्रोग्रॅम सर्व्हरला वळसा घालून 'एचडब्ल्यू:०,०' (आल्साने कार्डाला दिलेले नाव) थेट उघडतो. 'प्लगएचडब्ल्यू'ही थेटच, ते फक्त फॉरमॅट बदलून देते, वाटणी करत नाही. हा दोष कधी दिसतो, कधी नाही. कारण सुमारे ५ सेकंद शांतता राहिली की सर्व्हर कार्ड सोडून देतो. नेमक्या त्या फटीत थेट उघडणारा घुसला तर त्याचे काम चालते आणि ब्राउझर मुका होतो. सर्व्हर जागा असेल तर उलटे घडते.

कार्ड कोणाच्या ताब्यात आहे ते 'फ्यूजर -व्ही' ही आज्ञा साउंडच्या डिव्हाइस फाइलींवर चालवली की कळते. यादीत पाइपवायर किंवा त्याचा जोडीदार वायरप्लंबर असणे स्वाभाविक आहे. त्यांना मारू नये, तिसरे नाव शोधावे. त्या प्रोग्रॅमच्या सेटिंगमध्ये आउटपुट 'डिफॉल्ट' करावे. पाइपवायर असल्यास आल्सासाठीचे त्याचे प्लगइनही बसवलेले असावे, नाहीतर 'डिफॉल्ट' पुन्हा थेट आल्साकडेच जाते.

सर्व्हर वापरकर्त्यागणिक वेगळा चालतो, त्यामुळे 'सुडो'ने (म्हणजे प्रशासकाच्या अधिकाराने) चालवलेल्या प्रोग्रॅमला तो सहसा सापडत नाही. अशा वेळी वापरकर्त्याला 'ऑडिओ' गटात टाकण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. तो टाळावा: त्याने पडद्यामागे चालू राहिलेल्या दुसऱ्या वापरकर्त्याच्या लॉगिनलाही कार्ड बळकावता येते.

वाटणीची किंमत विलंबात मोजावी लागते. ४८,००० हर्ट्झवर १०२४ नमुन्यांचा बफर म्हणजे सुमारे २१ मिलिसेकंद. व्हिडिओ पाहताना ते जाणवत नाही, पण कीबोर्ड वाजवणाऱ्याला खटकते. बफर २५६ नमुन्यांवर आणला की ५ मिलिसेकंद होतात, मात्र प्रोसेसर वेळेत पोचला नाही तर आवाजात तडतड येते.