गव्हावरचा संशय सिद्ध होईपर्यंत : सीलिॲक आजाराची पार्श्वभूमी

आहार बदलला की ऑटोइम्यून आजार, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती शरीरावरच उलटते असे आजार, आटोक्यात येतात, असे हल्ली सरसकट सांगितले जाते. हा दावा पुराव्यानिशी पूर्णपणे टिकला आहे तो प्रामुख्याने सीलिॲक या आतड्याच्या आजारात, आणि तिथेही वैद्यकाला त्यासाठी शंभर वर्षांहून अधिक काळ लागला.

पोट फुगलेली, हातपाय वाळलेली आणि शौचाला फिकट, दुर्गंधीयुक्त होणारी मुले पाहून लंडनचे डॉक्टर सॅम्युअल गी यांनी 1888 मध्ये या आजाराचे नेमके वर्णन केले. रुग्ण बरा व्हायचाच असेल तर तो आहारानेच होईल, असेही त्यांनी लिहून ठेवले. मात्र कोणत्या आहाराने, हे त्यांना उमगले नाही. रोज हॉलंडचे शिंपले खाऊन सुधारलेले त्यांचे एक बालरुग्ण शिंपल्यांचा हंगाम संपताच पुन्हा ढासळले. पुढे 1924 मध्ये न्यूयॉर्कच्या सिडनी हास यांनी केळ्यांवर भर देणारा आहार सुचवला, मुले सुधारली आणि श्रेय केळ्यांना मिळाले. वास्तविक त्या आहारात पाव वर्ज्य होता, हेच सुधारण्याचे खरे कारण होते.

ही गाठ सोडवली ती हेग येथील बालरोगतज्ज्ञ विलेम डिके यांनी. 1944-45 च्या डच दुष्काळात पाव मिळेनासा झाल्यामुळे त्यांना शोध लागला, ही कथा लोकप्रिय असली तरी अर्धवट आहे, कारण गव्हावर त्यांचा संशय युद्धापूर्वीपासूनच होता आणि दुष्काळाने त्याला केवळ बळ दिले. त्यांचा प्रबंध 1950 मध्ये आला. त्यानंतर वेयर्स आणि व्हॅन डी कामर या सहकाऱ्यांसह, मुलांच्या मलातील चरबी मोजून, त्यांनी दाखवून दिले की दोष गव्हाच्या पिठुळ भागात नसून ग्लुटेन या प्रथिनात आहे.

हा आजार ऑटोइम्यून ठरण्यातला कळीचा दुवा मात्र 1997 मध्ये मिळाला. रुग्णाची प्रतिपिंडे ट्रान्सग्लुटामिनेज या शरीराच्याच विकरावर (एन्झाइमवर) चालून जातात, हे जर्मन संशोधकांनी त्या वर्षी ओळखले. या आजारात आतड्याचे अस्तर झिजल्याने अन्नरस नीट शोषला जात नाही. त्यातून रक्तक्षय होतो, हाडे ठिसूळ होतात. टाइप 1 मधुमेहाशी काही जनुके सामाईक असल्यामुळे त्या मधुमेही मुलांचीही सीलिॲकसाठी तपासणी करतात.

भारतात हा आजार गहू खाणाऱ्या उत्तरेत अधिक आढळतो. महाराष्ट्रातल्या ज्वारी, बाजरी, नाचणीत ग्लुटेन नसते, परंतु बाजारातल्या हिंगात बहुधा गव्हाचे पीठ मिसळलेले असते, याकडे पथ्य पाळणाऱ्या घरांतही दुर्लक्ष होते.

इतर ऑटोइम्यून आजारांबाबत पुरावा बराच तोकडा आहे. अमेरिकेतील 25,871 प्रौढांवरील चाचणीचे निष्कर्ष 2022 मध्ये प्रसिद्ध झाले. सुमारे पाच वर्षे रोज 2,000 एकक ड जीवनसत्त्व घेणाऱ्यांत असे आजार नव्याने होण्याचे प्रमाण 22 टक्क्यांनी कमी आढळले. आधीच जडलेला आजार त्याने हटतो का, हा त्या चाचणीचा प्रश्न नव्हता.