आउटपुटमधली दुसरी ओळ

एसपीएसएस या संख्याशास्त्रीय सॉफ्टवेअरमध्ये दोन गटांच्या सरासऱ्यांची तुलना केली की टी-टेस्टच्या, म्हणजे सरासऱ्यांमधला फरक निव्वळ योगायोगाचा असू शकतो का हे तपासणाऱ्या चाचणीच्या, दोन ओळी समोर येतात. वरची ओळ दोन्ही गटांतलं प्रसरण, म्हणजे आकड्यांची पांगापांग, सारखी मानते. खालची मानत नाही. नवखा विद्यार्थी इथे अडतो आणि बहुतेकदा वरची ओळ उतरवून मोकळा होतो.

वरच्या ओळीचं मूळ डब्लिनमधल्या बिअरच्या कारखान्यात आहे. विल्यम गॉसेट १८९९ मध्ये गिनेसमध्ये नोकरीला लागला. तेव्हाची संख्याशास्त्रीय सूत्रं भल्यामोठ्या नमुन्यांसाठी होती आणि त्याच्या हाती प्रयोगांचे मोजकेच आकडे असत. लंडनला संख्याशास्त्रज्ञ कार्ल पिअर्सनकडे शिकून आल्यावर त्याने १९०८ मध्ये ‘बायोमेट्रिका’ या नियतकालिकात छोट्या नमुन्यांचं गणित मांडलं, तेही ‘स्टुडंट’ या टोपणनावाने, कारण स्वतःच्या नावाने छापायला कंपनीची मनाई होती. पडताळ्यासाठी ३००० गुन्हेगारांची उंची आणि डाव्या हाताच्या मधल्या बोटाची लांबी कार्डांवर लिहून, ती पिसून, चार-चारचे ७५० गट पाडले. आज संगणक क्षणात करतो ते काम हातांनी!

ही पद्धत दोन स्वतंत्र गटांपर्यंत नेली रोनाल्ड फिशरने. दोनाहून जास्त गटांच्या सरासऱ्यांची तुलना करणारी अनोव्हा ही पद्धतही त्याचीच. पण दोन्हीकडे पांगापांग सारखी आहे हे गृहीत होतं. नसेल तर काय, या प्रश्नावर बेहरेन्स या जर्मन संशोधकाने १९२९ मध्ये लिहिलं आणि पुढे फिशरने तोच धागा उचलला. त्या उत्तरासाठी लागणारी कोष्टकं मात्र एका मराठी माणसाने तयार केली: सातारा जिल्ह्यातल्या बुधचे, फर्ग्युसनमध्ये शिकलेले पांडुरंग वासुदेव सुखात्मे. त्यांचा लेख १९३८ मध्ये ‘संख्या’ या संख्याशास्त्राच्या नियतकालिकात आला. सुखात्मे म्हटलं की आपल्याला पोषणावरचं काम आठवतं. हे काम बाजूलाच राहतं.

बेहरेन्स-फिशर उत्तरावर संख्याशास्त्रज्ञांचं एकमत कधीच झालं नाही. व्यवहारात टिकला तो बर्नार्ड वेल्चचा, १९४७ मध्ये पक्का झालेला मार्ग. एसपीएसएसमधली खालची ओळ याच धर्तीची. तिथे डिग्री ऑफ फ्रीडम (एरवी गटांच्या आकारावरून ठरणारी, चाचणीच्या गणितात लागणारी संख्या) अपूर्णांकात दिसते, ती चूक नव्हे. दोन्ही गटांच्या प्रसरणांवरून ती अंदाजाने काढलेली असते.

एसपीएसएस १९६८ चं. १९९० च्या दशकात ऑकलंडमध्ये रॉस इहाका आणि रॉबर्ट जेंटलमन यांनी ‘आर’ हे संख्याशास्त्राचं सॉफ्टवेअर घडवलं. त्यात काही न सांगता टी-टेस्ट मागितली की वेल्चचंच उत्तर मिळतं. माझ्या मते हेच बरोबर.

आरमध्ये ‘स्लीप’ नावाची आकडेवारी तयार असते: दहा रुग्ण, दोन औषधं, वाढलेली झोप. गॉसेटने १९०८ मध्ये उदाहरण म्हणून घेतलेली तीच. सरासऱ्या ०.७५ आणि २.३३ तास. स्वतंत्र गट मानले तर पी-व्हॅल्यू (औषधांत खरा फरक नसतानाही निव्वळ योगायोगाने एवढा किंवा याहून मोठा फरक दिसण्याची शक्यता) वरच्या ओळीच्या पद्धतीने ०.०७९२, वेल्चने ०.०७९४. गट सारख्याच आकाराचे असल्याने फरक नगण्य. गटांचे आकार आणि पांगापांग दोन्ही वेगळी असतील तिथे या दोन पद्धती दूर जातात. पण हे दहा रुग्ण दोन्हीकडे तेच आहेत. जोडीने तुलना केली की पी-व्हॅल्यू थेट ०.००२८ वर येते. दोन्हीकडची माणसं तीच आहेत का, हे सॉफ्टवेअर स्वतःहून विचारत नाही.